अद्भुताची झाडलोट

विनोदी अद्भुतकथेची दखल समीक्षेने गंभीरपणे घेण्याचे कारण नाही, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिचे समर्थन करण्याचीही कोणाला गरज भासत नाही. हास्याने विस्मयाचा भंग होतो, आणि विस्मय गेला की अद्भुत उरत नाही, असा हा युक्तिवाद. डायाना विन जोन्स यांची ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) ही कादंबरी वाचल्यावर तो टिकत नाही.

टोप्यांच्या दुकानात राबणारी सोफी चेटकिणीच्या शापाने जख्ख म्हातारी होते, हाउल या जादूगाराच्या चालत्या किल्ल्यात शिरते आणि कोणी न नेमताच तेथली झाडलोटीची बाई होऊन बसते. ‘अखेर स्त्रीच्या हाती केरसुणीच ना!’ असा आक्षेप येथे ठरलेलाच. पण ही स्वच्छता मालकाला नकोशी आहे. अंगण आणि आपली खोली हाउल तिला साफ करू देत नाही. हाउल मुलींची काळजे खातो अशी वदंता असते. सोफी केर काढता काढता ती काळजे शोधत असते. तिची झाडलोट हा शोध आहे, सेवा नव्हे. न्हाणीघरातील बाटल्यांची तिने केलेली उलथापालथ हाउलच्या केसांचा रंग बिघडवते, आणि तो संतापाने अंगातून हिरवा चिकट द्रव गाळत बसतो. प्रसंग हास्यकारक खराच. परंतु ज्याच्या कीर्तीला सारा प्रदेश भितो तो किती पोरकट आहे, हे त्यातूनच कळते. अद्भुत येथे भंगत नाही. त्याचे अंतरंग उघडे पडते.

सोफीचा खरा बंध शापाचा नाहीच. तिघी बहिणींतील थोरलीच्या वाट्याला अपयशच यायचे, हा लोककथेचा संकेत तिने आपले प्राक्तन म्हणून स्वीकारलेला आहे. कथाप्रकाराचा नियम पात्राच्या मनात विचारसरणी होऊन बसतो, हे रूपबंधाची कोष्टके भरणाऱ्यांनी जरूर पाहावे.

तोदोरोव्हने (१९७०) नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधील दोलायमानता ही ‘फँटास्टिक’ची खूण मानली. सोफीच्या इंगरी देशात जादूविषयी कोणाचीच द्विधा नाही. म्हणून ही कादंबरी त्याच्या वर्गीकरणात निव्वळ ‘अद्भुता’कडे जाते, आणि आपले अभ्यासक तेथेच थांबतात. त्यांनी किल्ल्याचे दार काळ्या खुणेवर फिरवून पाहावे. ते वेल्समध्ये उघडते. तेथे हाउल हा हॉवेल जेन्किन्स आहे, त्याची बहीण त्याला निकामी समजते, भाचा संगणकावर खेळत असतो. सोफी गडबडते ती मोटारगाडीत. द्विधा आहे, पण ती आपल्या जगाविषयी! जॉन डनची एक कविता भाच्याचा गृहपाठ असते. चुकून इंगरीत पोचल्यावर शिष्य मायकेल तीच मंत्र समजून तारा धरायला धावतो, आणि हाउलवर ती शाप होऊन कोसळते. संहिता एकच, वाचनसंकेत तीन. पदव्युत्तर वर्गात वाचककेंद्री समीक्षा शिकवताना याहून सोपे उदाहरण मला मिळालेले नाही.

मियाझाकी यांच्या २००४ च्या चित्रपटात वेल्स नाही. त्यावरून कादंबरीविषयी मत बनवणाऱ्यांना हा सारा भाग ठाऊकच नसतो. शेवटच्या प्रकरणांतील उकल घाईची आहे, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागेल. पण तो घेण्यासाठी पुस्तक शेवटपर्यंत वाचावे लागते.