देवगिरीच्या शहरात ब्लूज का वाजवू नये?

हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन जुनं हिंदी गाणं वाजवलं तर आपल्याकडे कुणाची हरकत नसते. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांनी हे वाद्य घराघरांत पोचवलं. पण त्याच गिटारवर, त्याच पोलादी पट्टीनं कुणी 'सेंट लुईस ब्लूज' वाजवायला घेतलं, की छत्रपती संभाजीनगरात लगेच विचारणा होते : हे आपल्याला कशाला? कुणाला वाद्य परकं वाटतं, कुणाला संगीत, आणि कुणाला आपला त्यावर अधिकारच नाही असं वाटतं. शेवटचा आक्षेप गंभीर आहे. बाकीच्यांत दम नाही. पण ते इतक्या ठामपणे मांडले जातात की त्यांचा समाचार घ्यायलाच हवा.

वाद्य परकं म्हणणाऱ्यांनी एकदा दौलताबादचा रस्ता धरावा. शहरापासून साधारण 15 किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. 13व्या शतकात इथल्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे आणि त्यात एकतंत्री वीणेचं सविस्तर वर्णन आहे. एकच तार, पडदे नाहीत. वादकाच्या डाव्या हातात बांबूची छोटी कम्रिका; ती तारेवरून सरकवायची आणि हवा तो स्वर काढायचा. बोटानं तार दाबण्याऐवजी कठीण वस्तू तारेवरून फिरवणं, हवाईयन, म्हणजेच स्टील गिटारचं मूळ तत्त्व हेच. पुढे विचित्र वीणेवर काचेचा बट्टा आला. दक्षिणेत गोट्टुवाद्यावरही असाच सरकता तुकडा फिरू लागला आणि तंजावरकडच्या तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी त्या वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला. शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांच्यासारखा थोर गायक त्यांच्याकडे शिकला. तारेवर पट्टी सरकवणं या मातीला अपरिचित होतं, असं म्हणायला जागाच उरत नाही.

एवढं सांगितलं की दुसरी मंडळी सरसावून पुढे येतात : म्हणजे स्टील गिटार मूळची आपलीच, ब्लूजही आपल्याच रागांतून निघाला! हा अभिमान मला पहिल्या तुच्छतेइतकाच घातक वाटतो. हवाई बेटांवर ही पद्धत 19व्या शतकाच्या शेवटी रुजवली ती जोसेफ केकुकूनं, आणि तेही शाळकरी वयात. भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या खलाशानं ती तिथे नेली, अशी एक कथा फिरत असते. तेवढ्या कथेवर मालकी सांगता येत नाही. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या कुटुंबांतली मुलं घराच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून एक तार ताणत आणि तिच्यावरून बाटली सरकवत. या 'डिडली बो'ची मुळं पश्चिम आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांत शोधली जातात. देवगिरीची ती एक तार आणि मिसिसिपीच्या भिंतीवरची ही एक तार यांना जोडणारा दुवा कुठेही नाही, आणि नसलेला दुवा जोडण्याची गरजही नाही. माणसांनी ही गोष्ट ठिकठिकाणी, एकमेकांना न विचारता शोधून काढली. जे सगळ्यांनाच सापडलं त्यावर एकाचा सातबारा निघत नाही.

ब्लूजचे कट्टर शौकीनही आहेत. त्यांच्या मते ब्लूजला उभी धरलेली गिटार आणि करंगळीत बाटलीची मान हवी. मांडीवरची आडवी गिटार म्हणजे हवाईयन गोडवा. त्यांना ब्लूजच्याच इतिहासात उत्तर आहे. 'सेंट लुईस ब्लूज'चे रचनाकार डब्ल्यू. सी. हॅंडी यांनी 1941च्या आत्मचरित्रात सांगितलेला 1903च्या सुमाराचा प्रसंग प्रसिद्ध आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनात एक फाटका माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून गात होता. ते वादन समजावताना हॅंडींना पोलादी पट्टी वापरणारे हवाईयन वादकच आठवले. टेक्सासचा ब्लॅक एस तर धातूची रेझोनेटर गिटार मांडीवर आडवी ठेवूनच ब्लूज वाजवायचा. ऑस्कर वुड्स आणि केसी बिल वेल्डन त्याच वाटेचे. मांडीवरची गिटार ब्लूजच्या घरातलीच आहे, एवढं या नावांवरून सिद्ध होतं.

आता खरा आक्षेप. ब्लूज गुलामीच्या, वेठीच्या, जाळपोळीच्या आणि फासावर लटकवलेल्या माणसांच्या इतिहासातून आलेलं गाणं आहे. ते दुःख न भोगता सुखवस्तू घरातल्या पोरानं त्याचे सूर हौसेखातर वाजवावेत का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी झटकून टाकणार नाही. उलट या शहरात तो विचारला गेलाच पाहिजे, कारण अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं म्हणणं इथे फार आधी गांभीर्यानं वाचलं गेलं आहे. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य बोलून दाखवलं होतं. त्यांनीच 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे याच शहरात, मिलिंद महाविद्यालय काढलं. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे 1960च्या दशकात मिलिंदच्या परिसरात, नागसेनवनात, निग्रो साहित्याची चर्चा घडवत होते. त्याच वातावरणात गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभं राहिलं. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं. ज्या शहरानं त्या लोकांचं लेखन वाचून आपली लेखणी धारदार केली, त्या शहराला त्यांचं गाणं मात्र परकं, हे मला पटत नाही. ब्लूज ऐकायचा पहिला हक्क औरंगाबादनं नागसेनवनात केव्हाच मिळवला आहे.

हक्क मिळाला म्हणजे जबाबदारी सुटली असं नाही. गाणं कुणाचं, कुणी गायलं, शब्द काय सांगतात हे ठाऊक नसताना लग्नाच्या हॉलमध्ये जेवणावळीला मागे वाजवायची धून म्हणून ब्लूज वापरणं मला अपमानकारक वाटतं. वाजवणाऱ्यानं आधी शब्द पाठ करावेत. पट्टी गाण्याची जागा घेते; ज्याला ओळ कुठे संपते तेच माहीत नाही त्याची पट्टी कुठेही थांबते.

यापेक्षाही मोठा धोका म्हणजे रागदारीचा मोह. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी गिटार शास्त्रीय मैफलीत नेली, हे काम अजोड आहे. पण म्हणून 'ब्लूज म्हणजे आपला धानी, नाहीतर जोग' असं म्हणून आलापी सुरू करणं चूक. हे गिटार हातात घेऊनच पडताळावं. तारा सा प सा ग प सा अशा जुळवा. पाचव्या पडद्यावर पट्टी ठेवली की मध्यमाची कॉर्ड, सातव्यावर पंचमाची. पडदा इथे नुसती खूण असतो; पट्टी बरोबर त्याच्या रेषेवर यावी लागते, केसभर मागेपुढे झाली की बेसूर. आता पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी कोमल गंधार घ्या आणि पट्टी किंचित पुढे ढकला, पण चौथ्याला भिडू देऊ नका. तो मधला, ना कोमल ना शुद्ध असा गंधार षड्जाच्या कॉर्डवर बोचतो. ब्लूजच्या बारा खंडांतल्या पाचव्या खंडात साथ मध्यमावर गेली की कोमल गंधार त्या कॉर्डचा कोमल निषाद होतो आणि एकदम घरी आल्यासारखा वाटतो. स्वर जवळपास तिथेच आहे, खालची जमीन हलली आहे. तंबोऱ्याच्या अढळ षड्जावर वाढलेल्या आपल्या कानाला हा अनुभव रागातून मिळत नाही, आणि म्हणूनच तो घेण्यासारखा आहे. मींड आपल्याला उपजत येते हा फायदा. मींड कुठे थांबवायची हे मात्र ब्लूजकडूनच शिकावं लागतं.

1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ब्लाइंड विली जॉन्सनचं 1927चं, शब्दांऐवजी नुसत्या हुंकारानं आणि सरकत्या पट्टीनं म्हटलेलं भजनही आहे. निवडणाऱ्यांनी दोघांची सरमिसळ केली नाही. केसरबाई केसरबाईंसारख्याच गायल्या, जॉन्सन जॉन्सनसारखाच.

राहिला प्रश्न जुन्याच चिजा का वाजवायच्या, नवं का करू नये. बंदिश शंभर वर्षं गाऊन शिळी होत नाही हे ज्यांना कळतं त्यांनी हे विचारू नये. हॅंडींनी 1914 मध्ये छापलेलं 'सेंट लुईस ब्लूज' घ्या. चार-चार मात्रांच्या बारा खंडांचा साचा सगळ्यांना माहीत असतो, पण याच गाण्यात मधे सोळा खंडांचा, हाबानेरा लयीचा वेगळा भाग आहे. घाईघाईत शिकलेले लोक तो सरळ गाळतात आणि गाण्याचा कणाच काढून टाकतात. शिकायचं तर बेसी स्मिथच्या 1925च्या ध्वनिमुद्रणावरून शिकावं. तिथे साथीला ड्रम नाही, गिटार नाही; फ्रेड लाँगशॉची पेटी आहे, संगीत नाटकाच्या ऑर्गनची सवय असलेल्या मराठी कानाला ती लगेच ओळखू येते. बेसीची ओळ संपते आणि लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट तिला उत्तर देतो, थोडक्यात, पुढच्या ओळीच्या आत आवरून. स्टील गिटार घेणाऱ्यानं आधी त्या उत्तरांची लांबी मनात मोजावी, बेसीची ओळ स्वतः गुणगुणावी, आणि मग तेवढ्याच जागेत पट्टी फिरवावी.