हाताची सूज आणि हंगामाचे काम

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील लसीकाग्रंथी काढल्या जातात किंवा त्या भागावर किरणोपचार दिले जातात, तेव्हा हातातून परतणाऱ्या लसीकेचा, म्हणजे ऊतींमधून लसीकावाहिन्यांत शिरणाऱ्या प्रथिनयुक्त द्रवाचा, मार्ग अरुंद होतो. द्रव हातातच साचतो, प्रथिनांमुळे ऊतींत दाह टिकून राहतो आणि बोटाने दाबल्यावर खड्डा पडणारी सुरुवातीची मऊ सूज पुढे तंतुमय व टणक होत जाते. लिम्फेडिमा या नावाने परिचित असलेला हा विकार किती जणींना होतो हे मुख्यतः काखेत किती शस्त्रक्रिया झाली यावर ठरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात, काखेतील ग्रंथी सरसकट काढलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शेकडा सुमारे २०, तर केवळ पहारेकरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून येणारी लसीका जिथे प्रथम पोहोचते ती ग्रंथी, तपासलेल्या स्त्रियांमध्ये शेकडा ६ च्या आसपास आढळले. गाठ वाढल्यावरच रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या ग्रामीण स्त्रीच्या वाट्याला बहुधा सरसकट ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया येते, आणि म्हणून खानदेशातील भौतिकोपचारतज्ज्ञांसाठी हा विषय दुर्मीळ विकारांच्या प्रकरणात ढकलण्याजोगा नाही.

शस्त्रक्रियेसाठी जळगाव-धुळ्याच्या अनेक स्त्रिया परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, नाशिकला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. सूज मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे त्या रावेर, चोपडा, शिरपूर किंवा साक्रीला घरी परतल्यावर आणि कामाला लागल्यावर प्रकट होते. ती प्रथम दिसते स्थानिक उपचारकाला, आणि त्याच्यापाशी तुलनेसाठी शस्त्रक्रियेपूर्वीचे माप नसते. दोन्ही हातांच्या घेरात २ सेंटिमीटरचा किंवा आकारमानात शेकडा १० चा फरक हा निदानाचा रूढ निकष आहे. परंतु कामाचा हात मुळातच किंचित भरलेला असल्याने, पूर्वीचे माप नसेल तर डाव्या हाताची खरी सूज झाकली जाते आणि उजव्याची नसलेली सूज दिसू लागते. अमेरिकेतील बेथेस्डा येथील नौदल रुग्णालयातून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वीच मापे घेतली होती, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी वाढ वेळीच पकडता आली आणि तयार दाब-बाही सुमारे महिनाभर वापरल्यावर ती मागे हटली. त्या केंद्रात मापनासाठी खास यंत्र होते हे खरे, पण मनगटापासून दर ४ सेंटिमीटरवर घेर मोजून आकारमान काढण्यास साधी फीत पुरते. फक्त बिंदू, हाताची स्थिती आणि शक्यतो मोजणारी व्यक्ती दर वेळी तीच असावी लागते.

यापेक्षा अधिक चिंतेची बाब म्हणजे रुग्णाला सर्रास दिला जाणारा ‘त्या हाताने काही उचलू नका’ हा सल्ला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरिन श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी लिम्फेडिमा असलेल्या १४१ स्त्रियांवर केलेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात दाब-बाही घालून, देखरेखीखाली, अगदी थोड्या वजनापासून सुरुवात करून आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम करणाऱ्या गटात सूज वाढली नाही, उलट सूज उफाळण्याचे प्रसंग शेकडा १४ जणींत, तर व्यायाम न करणाऱ्या गटात शेकडा २९ जणींत नोंदले गेले. स्नायूंच्या आकुंचनामुळे लसीका पुढे ढकलली जाते. वर्षभर जपून ठेवलेला हात दुर्बळ होतो, आणि मग हंगामात अचानक पडलेला भार त्याला खरोखरच सोसत नाही. शेतमजूर स्त्रीच्या बाबतीत तर हा सल्ला पाळला जाणारच नसतो, कारण तिची मजुरी त्या हातावर अवलंबून असते, आणि जो सल्ला पाळणे अशक्य आहे तो देऊन उपचारक आपली जबाबदारी संपवू शकत नाही.

तेव्हा पुनर्वसनाची आखणी तिच्या कामापासून सुरू व्हायला हवी. कापूस वेचताना बोटे व मनगट सतत हलतात, आणि बाही घालून केलेली ही हालचाल स्वतः घातक नाही. घातक आहेत ती वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी होणारी ओरखड्यांची जखम आणि दिवसाच्या शेवटी एका हिसक्यात उचललेले गाठोडे. केळीचा घड, पाण्याचा हंडा, कळण्याची भाकरी थापणे, सणासुदीला दोन्ही हातांवर मांडा पसरवून तो तापलेल्या खापरावर टाकणे, यांतील प्रत्येक कामात भार, हात उंच धरण्याचा काळ आणि उष्णता यांचे प्रमाण वेगळे असते. ते पाहून, कामाइतकी शक्ती हंगामापूर्वीच टप्प्याटप्प्याने कमावून देणे हे उपचारकाचे काम आहे. घट्ट बांगड्या आणि दंडात रुतणारी चोळीची बाही यांविषयीही याच वेळी बोलावे, आणि ते घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांसमोर बोललेले अधिक बरे.

वाढलेल्या सुजेवरील उपचारांत दाब हाच मुख्य घटक आहे. हलक्या हाताने केला जाणारा लसीका-निचरा मर्दनाचा प्रकार त्याला पूरक ठरतो, पर्याय नव्हे. पट्टी निवडताना मात्र मोठी चूक होते. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी क्रेप पट्टी फार ताणली जाते आणि विश्रांतीतही हात आवळत राहते, तर कमी ताणली जाणारी पट्टी विश्रांतीत सैलावते आणि स्नायू आकुंचन पावताना भक्कम विरोध देते. म्हणून अस्तरावर थर देऊन, बोटांकडे जास्त आणि खांद्याकडे कमी दाब राहील अशी हीच पट्टी बांधावी लागते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा दिवसाचे २२-२३ तास बहुस्तरी पट्टी ठेवा असे सांगणे सोपे, पण पाळणे कठीण असते. तातडी नसेल तर बहुस्तरी पट्टीचा हा सघन टप्पा हिवाळ्यात घ्यावा आणि उन्हाळ्यात सुती अस्तर व नीट मापाची बाही यांवर भर द्यावा, ही तडजोड अर्धवट सोडलेल्या उपचारापेक्षा कितीतरी चांगली.

राज्यातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत जळगाव आणि नंदुरबार यांचा समावेश आहे, आणि हत्तीरोगाविरुद्धच्या कार्यक्रमात सुजलेला पाय साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांना मलम लावणे हे रुग्णांना शिकवले जाते. कारण वेगळे असले तरी त्वचेची ही निगा हातालाही तशीच लागू पडते, आणि ती शिकवू शकणारे आरोग्य कर्मचारी गावात आधीच असतील तर जिल्ह्यातील भौतिकोपचारतज्ज्ञांनी त्यांना या स्त्रियांकडेही वळवले पाहिजे. हात लाल व गरम होऊन ताप आला तर तो त्वचेखालील जंतुसंसर्ग समजून मर्दन व पट्टी थांबवावी आणि प्रतिजैविकासाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे, कारण असा प्रत्येक संसर्ग उरलेल्या वाहिन्यांनाही इजा करतो. अचानक वाढलेली, दुखरी सूज, विशेषतः उपचारांनी आटोक्यात असलेल्या हातात, रोग उलटल्याची किंवा शिरेत गुठळी झाल्याची खूण असू शकते. तिच्यावर पट्टी बांधण्याआधी कर्करोगतज्ज्ञाचे मत घेतलेच पाहिजे. त्या वेळी जुनी मापे हाताशी असावीत म्हणून निदान पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी घेतलेल्या नोंदींची एक प्रत रुग्णाच्याच पिशवीत, शस्त्रक्रियेच्या कागदांसोबत राहू द्यावी.