इंधन बदललं, तर इंजिनाचं डोकंही बदला



ऊसबिल, तोडणी आणि पाणीपाळी सोडून या वेळी आम्ही जपानी स्पोर्ट्स मोटारींवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण निमित्त तसेच घडले. आसवनीत शिकाऊ म्हणून आलेल्या एका तरुणाने परवा आम्हाला मोबाईलवर परदेशातील एका जपानी गाडीची चित्रफीत दाखवली. तिच्यात म्हणे ८५ टक्के इथेनॉलचे इंधन भरून ताकद भरमसाट वाढवली होती. पोरगा म्हणाला, "साहेब, इथेनॉल तिकडं एवढी ताकद देतंय, मग इथं लोक अ‍ॅव्हरेज पडलं म्हणून का ओरडतात?" प्रश्न साधा, पण नेमका आपल्या दुखण्यावर बोट ठेवणारा. त्याचे उत्तर त्या गाड्यांच्याच पोटात आहे.

आधी ऑक्टेनचा गैरसमज काढू. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाते आणि नेमक्या वेळी ठिणगी पडते. पण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच दाबाने आणि उष्णतेने काही मिश्रण आपोआप भडकले, तर इंजिन ठोकू लागते. रॉकेल मिसळलेले पेट्रोल मिळालेल्या गाडीची चढावरची खडखड ज्यांनी ऐकली असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ही ठोक फार चालली तर पिस्टन फुटतो. दाब सोसूनही असे अवेळी न भडकण्याची इंधनाची सहनशक्ती म्हणजे ऑक्टेन. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायच्या पंपांत दाब मुद्दाम कमी ठेवलेला असे, तो याचसाठी. अशा पंपात शंभर ऑक्टेनचे पेट्रोल ओतले म्हणून पाणी काही जास्त चढणार नाही.

आता जपानकडे वळू. निस्सानची स्कायलाईन जीटी-आर १९८९ साली आली, टोयोटाची नवी सुप्रा १९९३ साली. टर्बोने हवा कोंबणारी ही इंजिने. जपानी कंपन्यांनी आपसात २८० अश्वशक्तीची मर्यादा पाळली होती, ती २००४ पर्यंत टिकली. पण इंजिनांची कुवत त्याहून पुष्कळ मोठी होती. या गाड्यांचा संगणक, म्हणजे कोणत्या वेगाला आणि भाराला किती पेट्रोल सोडायचे व ठिणगी केव्हा टाकायची हे ठरवणारा मेंदू, जपानातल्या उंची पेट्रोलच्या हिशेबाने लिहिलेला होता. तिथल्या मानकात अशा पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९६ असते आणि पंपावर ते बहुधा त्याहून सरसच मिळते.

पुढे या गाड्या जुन्या झाल्यावर जहाजाने न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंडला गेल्या. अमेरिकेत २५ वर्षे पुरी झालेल्या गाडीला सवलत असल्याने १९८९ ची स्कायलाईन तिथे २०१४ पासून जाऊ लागली. न्यूझीलंडच्या पंपावर ९१, ९५, ९८ असे आकडे, तर कॅलिफोर्नियात उंची पेट्रोलवरही ९१. इथे आणखी एक गोम आहे. अमेरिकेतला ९१ वेगळ्या रीतीने, दोन चाचण्यांची सरासरी काढून येतो. आपल्या किंवा जपानच्या मोजणीत तो ९५-९६ च्या आसपास भरतो. ब्रिक्स २० म्हणजे उतारा २० नव्हे, हे आपल्या सभासदाला कुणी शिकवावे लागत नाही. तसेच हे.

हलक्या पेट्रोलवर मूळ संगणक ठोक ऐकून ठिणगी मागे घेतो आणि जमेल तेवढे इंजिन सांभाळतो. पण हौशी मालकाने टर्बोचा दाब वाढवला की ती राखण पुरत नाही. मग दोन वाटा उरतात. पहिली स्वस्त. संगणकाला जाणारी हवेच्या मोजमापाची बातमीच मधल्या मध्ये बदलायची. म्हणजे चक्क काटा मारायचा! हवा कमी आली असे समजून संगणक पेट्रोल कमी सोडतो; पण त्याच खोट्या वजनावर ठिणगी मात्र अलीकडे आणतो आणि इंजिन ठोकून घेतो. काटा मारणाऱ्याला फायदा दिसतो तोवर दिसतो.

दुसरी वाट खर्चाची पण सचोटीची. मूळ संगणक काढून नवा बसवायचा. जपानच्या एचकेएस आणि अ‍ॅपेक्सी, ऑस्ट्रेलियाच्या हॅलटेक आणि मोटेक, न्यूझीलंडची लिंक, हे या धंद्यातले जाणते. संगणक नुसता बसवून भागत नाही. गाडी रोलरवर चढवून, प्रत्येक वेगाला आणि दाबाला, पंपावर प्रत्यक्ष मिळणाऱ्या इंधनाप्रमाणे, कोष्टकातला एकेक आकडा जुळवावा लागतो. काहीजण नळीत इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सरही लावतात. टाकीत काय आहे ते संगणक स्वतः वाचतो आणि तसा वागतो.

इथेच आपले इथेनॉल येते. त्याचे ऑक्टेन १०८ च्या घरात. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषते, म्हणून आतली हवा थंड राहते. टर्बो इंजिनाला याहून काय हवे? ऑस्ट्रेलियात सरिना गावी मळीपासूनच इथेनॉल बनते, म्हणजे ते आपले भाऊबंदच. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच आहे. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. म्हणून त्या हौशी मंडळींना मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप बसवावा लागतो, आणि अ‍ॅव्हरेज पडते ते ते निमूट सोसतात.

पोराच्या प्रश्नाचे उत्तर हेच. तिकडची ताकद खरी आणि इकडची ओरडही खरी. तिकडे इंधन बदलले तेव्हा इंजिनाला ते शिकवले. आपल्याकडे २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण गाठले, पण रस्त्यावर धावणाऱ्या लाखो जुन्या गाड्यांना कुणी काही शिकवले नाही. २०२० पूर्वीच्या बहुतेक दुचाकींत तर कार्ब्युरेटर, शिकवणार कुणाला? नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात लिहिले आहे, की निव्वळ पेट्रोलसाठी बांधलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकीचे ३ ते ४ टक्के. मात्र १० टक्क्यांसाठी बांधून २० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत घट अवघी १ ते २ टक्के. आकडेच बोलतात. दोष इथेनॉलचा कमी आणि न जुळवण्याचा जास्त.

आमचे मत काही सभासदांना रुचणार नाही, तरी सांगतो. इथेनॉलने साखर कारखान्यांना हात दिला आहे, ऊसबिलाला आधार दिला आहे. म्हणूनच ते विकताना अर्धे सत्य सांगू नये. "काही फरक पडत नाही" असे आपणच छातीठोक म्हणत राहिलो, तर ज्याची गाडी कमी धावते तो आपल्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही. आणि तो परका नाही. डेअरीला दूध घालायला जाणारा, जुन्या मोटारसायकलवरचा आपलाच सभासद आहे तो.

तेव्हा साखर कारखानदारीनेच पुढे होऊन तीन गोष्टी मागाव्यात. पंपावर मिश्रणाचे प्रमाण आणि ऑक्टेन दोन्ही ठळक लिहावे. जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल मिळत राहावे. आणि गाड्यांच्या कंपन्यांनी नवी इंजिने इथेनॉलच्या वाढीव ऑक्टेनचा पुरता लाभ घेतील अशी, जास्त दाबाची आणि जुळवलेली बनवावीत. एवढे झाले तर आपल्या मालाची किंमत गिऱ्हाइकाला आपोआप कळेल.

जमीन बघून बेणं निवडतो आपण, बेणं आणून मग जमिनीला शिव्या देत नाही. इंजिनाचंही तसंच आहे. सुज्ञ सभासदांनी याचा विचार करावा, आणि पटले नाही तर जरूर कळवावे.