दहावी, बारावी आणि आमचा संगणक

२०२५ च्या संक्रांतीस आमचा पुतण्या पुण्याहून बाभुळगांवीं आला होता. तिळगूळ तोंडांत टाकतां टाकतां मेजावरील संगणकाकडे पाहून त्यानें सहज विचारलें, "काका, यावर सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं चढवतां ना?" आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, दर एकादशीस न चुकतां चढवतों, आणि अलीकडे कित्येक महिने तर यंत्र 'चढविण्यासारखें कांहीं नाहीं' असेंच उत्तर देतें. हें ऐकून तो हंसला नाहीं. "काका, तेंच तर वाईट लक्षण!" एवढेंच म्हणाला.

आमच्या यंत्रांत लिनक्सपैकीं डेबियन नांवाची प्रणाली आहे, व तिची त्या वेळीं दहावी आवृत्ति होती. ती जुलै २०१९ मध्यें निघालेली. अशा आवृत्तीची देखभाल सुमारें पांच वर्षें होते. दहावीची मुदत ३० जून २०२४ रोजींच संपली होती. म्हणजे विहीर आटलेली, आणि आम्ही दर पंधरवड्यास रिकामा पोहरा वर ओढून 'गाळ मुळींच नाहीं' म्हणून समाधान मानीत होतों!

वाचक म्हणतील, एका पेन्शनराच्या यंत्रांत चोरानें न्यावें असें आहे तरी काय? आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें. परंतु आळींतील चार-पांच घरच्या मुलांचे प्रवेश-अर्ज, शिष्यवृत्तीचे कागद, आधारपत्रांच्या व पासबुकांच्या प्रती आमच्याच यंत्रांत सांठलेल्या. आमच्या गाफीलपणाचें मोल दुसऱ्यांस द्यावें लागलें असतें. शिवाय दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हां भगदाड नेमकें कोठें होतें हेंही जगास कळतें. शहाणा तें बुजवितो, आणि चोर न बुजविणाऱ्यांचीं घरें शोधीत फिरतो.

न्हावा-शेवा बंदराची गोष्ट पुष्कळांस आठवत असेल. २७ जून २०१७ रोजीं जगभर पसरलेल्या एका संगणक-किडीच्या तडाख्यांत तेथील एका मोठ्या टर्मिनलचें काम बंद पडलें. ती कीड विंडोजची, लिनक्सची नव्हे. पण पसरण्याच्या तिच्या वाटांपैकीं एका वाटेचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच, म्हणजे साडेतीन महिने आधीं, देऊन ठेवलें होतें. विपरीत असें कीं, युक्रेनमध्यें तीच कीड एका हिशेबाच्या प्रणालीच्या अपडेटमधूनच शिरली होती. तेव्हां अपडेट म्हणून येईल तें सर्व घ्यावें असें नव्हे. प्रणालीच्या अधिकृत भांडारांतून येईल तेवढेंच घ्यावें.

'लिनक्सला कांहीं होत नाहीं' असें म्हणणारे अभिमानी भेटतात. 'डर्टी काऊ' नांवाचा दोष लिनक्सच्या गाभ्यांत २००७ पासून होता. तो ऑक्टोबर २०१६ मध्यें दूर झाला. आणि गाभ्याची दुरुस्ती सामान्यतः यंत्र पुन्हा सुरू केल्यावांचून लागू होत नाहीं. आम्ही तर तें आठ-आठ दिवस नुसतें निजवून ठेवीत असूं! आणखी एक: 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा केवळ यादी आणते, औषध पोटांत जातें तें 'ॲप्ट अपग्रेड'नें. यादी वाचून ताप उतरत नाहीं.

पुतण्यानें आधीं सर्व कागदांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढविली. मग तो एकदम बारावी चढवील असें आम्हांस वाटलें. तर नाहीं, दहावीवरून थेट बारावीस जातां येत नाहीं, मध्यें अकरावी करावीच लागते. जन्म शाळेंत गेलेल्या माणसास हा नियम पटवून द्यावा लागला नाहीं. दोन रात्री गेल्या. मध्यें वीज गेली तेव्हां इन्व्हर्टरनें लाज राखली. सुरक्षेच्या दुरुस्त्या आतां आपोआप चढतात, आणि बारावीची मुदत जून २०२८ पर्यंत, ही नोंद कपाटाच्या दारावर आंतून लिहिली आहे.

दुसऱ्या दिवशीं ज्यांचे कागद होते त्या घरोघरीं जाऊन आम्हीं झाला प्रकार सांगितला व पासवर्ड बदलण्यास विनविलें. बहुतेकांनीं हंसण्यावारी नेलें. एक वहिनी मात्र म्हणाल्या, "गुरुजी, अर्ज तर भरून झाले. मग आमचे कागद तुमच्याकडे अजून कशाला?"

त्याच संध्याकाळीं पुसले.