बुवा श्वास घेतात तेवढ्यात
आमच्या कागलात एकादशीच्या भजनाला ओळ संपली की पेटीवाला दोन-चार सुरांनी जागा भरतो. बुवा श्वास घेईपर्यंतचंच काम, पण ते नसलं तर अभंग उघडा पडतो. अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांत हे काम पेडल स्टील गिटारकडे असतं. आडवं वाद्य, एकेका पट्टीवर बहुधा दहा तारा, डाव्या हातात पोलादी दांडी, पायाखाली पेडल. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’त बड आयझॅक्सनं तार वाजत असतानाच पेडल दाबून सूर चढवला आणि वादकांना वेड लागलं. आपल्याकडे रमली ती हिची बिनपेडलची थोरली बहीण, हवाईयन गिटार. व्हॅन शिप्लींच्या तबकड्या आठवा. तिच्यात दांडी सरकली की सगळे सूर एकदम सरकतात. पेडलची गंमत वेगळी. सा-ग-प धरा, दोन पेडल दाबा: गचा म होतो, पचा ध, सा मात्र जागचा हलत नाही. पाय सोडला की सगळे परत घरी. एवढी ये-जा जमली तरी पहिली जागा भरता येते. माळ्यावरची हवाईयन गिटार काढून, दांडी तिरकी धरून मी तेच करू पाहतो. परवा भजनात भरभरून वाजवलं. पेटीवाला हळूच म्हणाला, “सूर बरा हाय, पर बुवास्नी गाऊ द्या की!”