बाळंतपणासाठी माहेरी आलात, तर ग्रीन कार्डचं काय होतं?

समजा, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या उमापूरची एक मुलगी आहे. लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. नवरा अमेरिकेचा नागरिक, त्यामुळे तिला ग्रीन कार्ड मिळालं. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, हे दोन्ही घरांनी गृहीतच धरलेलं. सातव्या महिन्यातच ती विमानात बसते, कारण २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि शेवटच्या महिन्यात तर बसूच देत नाहीत.

आता दिवस मोजा. २८ आठवडे झाल्यावर निघाली, तर बाळंत होईपर्यंत १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस. त्यानंतर सव्वा महिना, साधारण ४० दिवस. झाले १२४. मग बाळाचा पासपोर्ट, कुलदैवताचं दर्शन, सासरच्या गावी चार दिवस, आणि आईचं नेहमीचं वाक्य, "एवढी थंडी आहे तिकडं, आता कुठं जातेस?" या सगळ्यात १८० दिवस कधी भरतात ते कळतही नाही. आणि अमेरिकेचा कायदा नेमका तिथंच वेगळं बोलायला लागतो.

२०२५ पासून हा विषय जास्त चर्चेत आहे. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायमचं राहण्याचा अमर्याद हक्क नव्हे, असं उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी मार्च २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यानंतर "भारतात जावं की नाही?" हा प्रश्न अनेक मराठी घरांत विचारला जाऊ लागला. खरं तर दिवसांचे मूळ नियम जुनेच आहेत. अडचण ही की व्हॉट्सअॅपवर ते अर्धेच फिरतात.

सहा महिने आणि एक वर्ष

१८० दिवसांपर्यंत बाहेर राहून परतलात, तर सहसा तुमच्याकडे घरी परतणारा रहिवासी म्हणून पाहिलं जातं. १८० दिवसांच्या पुढे गेलात, की कायद्याच्या नजरेत तुम्ही नव्यानं प्रवेश मागत असता. कार्ड आपोआप रद्द होत नाही, पण विमानतळावरचा अधिकारी जास्त प्रश्न विचारू शकतो.

सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात, तर अमेरिकेत शिरायला नुसतं ग्रीन कार्ड पुरत नाही. त्यासाठी री-एन्ट्री परमिट लागतं. ते साधारण २ वर्षांचं मिळतं, पण त्याचा अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत हजर असावं लागतं. उमापूरला पोहोचल्यावर ही गोष्ट कळून उपयोग नाही. परमिट नसेल, तर उरतो तो मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात 'परतणारा रहिवासी' म्हणून व्हिसा मागण्याचा मार्ग. त्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. परत जायचा इरादा कायम होता, आणि मुक्काम लांबला तो आपल्या हातात नसलेल्या कारणानं. कोविडमध्ये भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २३ मार्च २०२० ला बंद झाली ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. तेव्हा असं कारण दाखवणं सोपं होतं. "सासूबाई सोडत नव्हत्या" हे कारण त्या पंक्तीत बसत नाही.

एक मोठा गैरसमज असा, की दर सहा महिन्यांनी आठवडाभर जाऊन आलं की कार्ड सुरक्षित. तसं नाही. अधिकारी दिवसांबरोबर इरादाही बघतात. तुमचं घर कुठं आहे, नोकरी कुठं आहे, टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणून भरलं की अनिवासी म्हणून? वर्षातले ११ महिने बीडमध्ये आणि एक महिना अमेरिकेत, असं चाललं तर तुमचं खरं घर बीड आहे, असा निष्कर्ष निघू शकतो.

विमानतळावर कुणी आय-४०७ नावाचा फॉर्म पुढे केला, तर वाचल्याशिवाय सही करू नका. तो ग्रीन कार्ड स्वेच्छेनं सोडल्याचा फॉर्म आहे. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशापुढे म्हणणं मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि कार्ड सोडून दिलं हे तिथं सरकारला सिद्ध करावं लागतं.

नागरिकत्वाचं घड्याळ वेगळं चालतं

इथं शिकलेली माणसंही चुकतात. ग्रीन कार्ड टिकलं म्हणजे नागरिकत्वाचे दिवसही टिकले, असं नसतं.

साधारण नियम ५ वर्षांचा आहे. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर ३ वर्षांचा, पण त्या तिन्ही वर्षांत जोडीदार नागरिक असायला हवा आणि दोघं एकत्र राहत असायला हवेत. त्या ३ वर्षांत किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहणं आवश्यक आहे. शिवाय वास्तव्य 'सलग' असावं लागतं, आणि खरी गंमत इथं आहे.

आपल्या मुलीला १ जून २०२२ ला ग्रीन कार्ड मिळालं असं धरा. १० जुलै २०२४ ला ती भारतात आली आणि २६ जानेवारी २०२५ ला परत गेली. २०० दिवस. १८ महिन्यांच्या हजेरीला याचा काहीच धक्का नाही, दिवस भरपूर उरतात. पण एकच मुक्काम सहा महिन्यांच्या वर गेल्यामुळे सलगता तुटली असं गृहीत धरलं जातं. मग नवरा तिकडंच होता, घर चालू होतं, टॅक्स भरला, हे कागदांनी दाखवून ते गृहीतक खोडावं लागतं. हेच २०० दिवस तिनं शंभर-शंभरच्या दोन फेऱ्यांत घालवले असते, तर हा प्रश्न सहसा आलाच नसता.

मुक्काम वर्षभराचा झाला, तर सलगता तुटतेच. री-एन्ट्री परमिट असलं तरी तुटते, कारण ते परमिट परत आत येण्यासाठी आहे, नागरिकत्वाचे दिवस राखण्यासाठी नाही. नागरिकाच्या पत्नीला मग परतल्यापासून किमान २ वर्षं आणि १ दिवस थांबावं लागतं. पुन्हा सहा महिन्यांचं गृहीतक आडवं येऊ नये म्हणून अडीच वर्षं थांबणं सोयीचं.

आणखी एक बारीक गोष्ट. नवरा न्यू जर्सीत आणि बायको आजारी सासऱ्यांची सेवा करत दोन वर्षं गावी, हे आपल्याकडं कौतुकाचं. पण 'एकत्र राहत होतात का?' या प्रश्नाला त्याचं उत्तर अवघड जातं.

बाळाला आजीकडं ठेवून जाताय?

नवरा नागरिक असेल आणि बाळाच्या जन्माआधी तो ठरावीक काळ (एकूण ५ वर्षं, त्यातली २ वयाच्या चौदाव्या वर्षानंतर) अमेरिकेत राहिलेला असेल, तर बाळ जन्मतःच अमेरिकन नागरिक असतं. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात त्याची नोंद करून पासपोर्ट घेता येतो.

पण दोघांकडंही फक्त ग्रीन कार्ड असेल तर? तात्पुरत्या भेटीत भारतात जन्मलेल्या बाळाला २ वर्षांचं होण्याआधी व्हिसाशिवाय नेता येतं. अट एक: जन्मानंतर आई किंवा बाप जेव्हा पहिल्यांदा अमेरिकेत परततो, त्याच फेरीत बाळ त्याच्याबरोबर हवं. "तू आधी जा, नोकरी बघ, बाळाला मी सांभाळते" असं आजी प्रेमानं म्हणते. आई एकटी गेली, की तिच्यासोबत मिळणारी ही सवलत गेली, आणि बाळाला व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागू शकतं. ही चूक अगदी चांगल्या हेतूनं होते.

कॅनडा आणि आपण

प्रत्येक देशाचं गणित असं नसतं. कॅनडात कायम रहिवाशाला ५ वर्षांत ७३० दिवस भरावे लागतात, पण कॅनडाच्या नागरिक जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवसही त्यात धरले जातात. नागरिकत्वाला मात्र ५ वर्षांत १,०९५ दिवस लागतात, आणि तिथं ही सूट सर्वसाधारण जोडीदाराला नाही. ब्रिटनमध्ये कायम वास्तव्याची परवानगी २ वर्षं बाहेर राहिल्यावर संपते.

भारतही फार मवाळ नाही. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्वासाठी ७ वर्षांचं वास्तव्य लागतं आणि त्यातलं शेवटचं वर्ष सलग हवं. विशेष परिस्थितीत त्या वर्षात एकूण ३० दिवसांपर्यंतचाच खंड माफ होऊ शकतो. ओसीआय कार्डासाठीही नोंदणीकृत लग्न किमान २ वर्षं टिकलेलं असावं लागतं.

जी स्वतःहून थांबली नाही, तिचं काय?

काही बायका बाळंतपणासाठी नाही, तर फसवून गावी सोडलेल्या असतात. "आठ दिवस फिरून येऊ" म्हणत नवरा घेऊन येतो, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड खिशात घालतो आणि एकटाच परततो. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी ३० दिवसांत सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. विधी आयोगानंही फेब्रुवारी २०२४ मधल्या २८७व्या अहवालात सर्वंकष कायद्याची शिफारस केली. त्या विधेयकाचा कायदा मात्र झाला नाही. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९ पासून अशा तक्रारी घेतो.

अशा बाईला सहसा कुणी सांगत नाही, की मिळालेलं ग्रीन कार्ड तिचं स्वतःचं असतं. नवरा रागावून ते रद्द करू शकत नाही. लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत मिळालेलं कार्ड २ वर्षांचंच असतं आणि त्यावरच्या अटी काढायला दोघांनी मिळून अर्ज करायचा असतो. पण घटस्फोट किंवा छळ झाला असेल, तर तिला एकटीला तो अर्ज करता येतो. कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं, तर बाहेर राहून एक वर्ष व्हायच्या आत दूतावासाकडून विमानात बसण्यापुरता कागद मिळू शकतो. त्यासाठी कार्ड आणि पासपोर्टच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि निघाल्या दिवसाचं तिकीट आईच्या किंवा भावाच्या फोनमध्ये असलेलं बरं. पोलिसांत तक्रार लवकर द्यावी, कारण सासरशी बोलणी चालू असतानाही ते एक वर्ष सरतच असतं.