अडतीस टॉर्पेडोंचा हिशेब

लेकीची मैत्रीण परवा आमच्याकडे जेवायला होती. आमच्या घरची शनिवार रात्र वाचकांना आता पाठ आहे. जेवणं उरकली, भाग लावला, आणि नेहमीसारखा मध्येच थांबवून मी काहीतरी बोलायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "काकू, हे सगळं डोकं बाजूला ठेवून बघायचं असतं."

मुलगी गुणी आहे. इंजिनिअर आहे, कामात एक दशांश चिन्ह इकडचं तिकडे झालं तर रात्रभर जागून शोधून काढील. खुनाच्या कादंबरीत पहिल्या प्रकरणातला सुरा पाचव्या प्रकरणात नाहीसा झाला, तर पुस्तक मिटून ठेवील. संध्याकाळच्या मालिकेत कुणाची आत्या गेल्या वर्षी वारली होती, हेही तिच्या लक्षात असतं. मग पडद्यावर अवकाशयान आलं की तेवढंच डोकं बाजूला का? ही सवलत ऐकली की मला राग येतो. मुलांच्या नाटकाला आपण टाळ्या वाजवतो, तशी ती दिलेली असते. ज्या गोष्टीवर आपला जीव आहे, तिला असं वागवायचं नसतं. तिच्याशी भांडायचं असतं.

आम्ही बघत होतो 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'. जानेवारी १९९५ ते मे २००१, सात सीझन, १७२ भाग. कॅथरीन जेनवे या कप्तान बाईंचं यान एका अजब शक्तीमुळे पृथ्वीपासून ७०,००० प्रकाशवर्षं दूर फेकलं जातं. पूर्ण वेगाने निघालं तरी घरी पोचायला ७५ वर्षं लागणार. वाटेत ओळखीचा तळ नाही, दुरुस्तीला गोदी नाही, आणि यानावर बरीच माणसं अशी, की ज्यांना पकडायला हे यान निघालं होतं तेच माकी बंडखोर. याहून चांगला आरंभ मी टीव्हीवर फार थोड्या वेळा पाहिला आहे.

आता टॉर्पेडो. पहिल्याच सीझनमध्ये 'द क्लाउड' नावाचा भाग आहे. त्यात कप्तानासमोर आकडा येतो: यानावर ३८ फोटॉन टॉर्पेडो आहेत. आणि जेनवे स्वतः म्हणते, की हे संपले की नवे मिळायचे नाहीत. साधं एका ओळीचं बोलणं. पण जगभरच्या चाहत्यांनी ते ऐकलं आणि कागद-पेन्सिल घेतली. त्या दिवसापासून यानातून सुटलेला प्रत्येक टॉर्पेडो मोजला गेला: कुठल्या भागात, कुणावर, एक की दोन. ३८ चा आकडा केव्हाच मागे पडला, टॉर्पेडो मात्र सुटतच राहिले. छोटी शटल यानंही अशीच. एक फुटतं, एक आदळतं, आणि पुढच्या भागात नवीन हजर.

लोक हसतात या मोजणाऱ्यांना. खुसपटं काढणारे म्हणतात. मला ती माणसं या मालिकेची सर्वांत चांगली प्रेक्षक वाटतात. कारण ३८ हा आकडा त्यांनी मागितला नव्हता, मालिकेने आपणहून दिला होता. 'आम्ही एकटे आहोत, जे आहे ते पुरवून वापरायचं आहे' हा शब्द दिला होता. तो पाळला गेला का, एवढंच त्यांनी तपासलं. पाचव्या सीझनमध्ये यानावरच 'डेल्टा फ्लायर' नावाचं नवंकोरं छोटं यान बांधलेलं दाखवलं आहे. म्हणजे टॉर्पेडो बनवणंही अशक्य नसावं. मग तसं सांगा की! बेलाना टोरेस, यानाची मुख्य अभियंता, तेलकट हात पुसत एका वाक्यात म्हणाली असती, 'जमलं, महिन्याला दोन होतील,' तर चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. उलट गोष्ट वाढली असती. धातू कुठून आणला, कुणाशी सौदा केला, कोण रात्रपाळी करतंय.

मागे 'इंटरस्टेलर'वर लिहिलं तेव्हा काही वाचकांनी मला कृष्णविवराच्या भौतिकीवरून चांगलंच फैलावर घेतलं होतं. ती पत्रं मी जपून ठेवली आहेत, पण माझा मुद्दा तिथे नाही. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येतो, येऊ दे. माणूस कणाकणांत विरघळून दुसऱ्या ग्रहावर उभा राहतो, राहू दे. तो ट्रान्सपोर्टर मुळात आला तो दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते म्हणून. लॉरेन्स क्रॉस या भौतिकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये 'द फिजिक्स ऑफ स्टार ट्रेक' लिहून यातलं काय शक्य आणि काय अशक्य ते मोठ्या आवडीने मांडलं, आणि त्याने मालिकेचं काही बिघडलं नाही. निसर्गाचे नियम मोडले तर मी माफ करते. स्वतः घातलेला नियम स्वतःच विसरला तर नाही.

आणि ही भांडखोर जात काही आजची नाही. मूळ 'स्टार ट्रेक' १९६६ मध्ये एनबीसीवर सुरू झाली आणि दुसऱ्या सीझननंतर बंद पडणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या जोडप्याने पत्रमोहीम उभारली. इतकी पत्रं गेली, की मार्च १९६८ मध्ये वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं, मालिका चालू राहणार आहे. तिसरा सीझन मिळाला, शुक्रवारी रात्री दहाची अडचणीची वेळ मिळाली, पैसे कमी झाले, आणि पहिलाच भाग आला 'स्पॉक्स ब्रेन'. परग्रहावरची मंडळी यानावरच्या स्पॉक या अधिकाऱ्याचा मेंदू काढून नेतात आणि शेवटी डॉक्टर तो परत बसवतो. ज्यांनी मालिकेसाठी पत्रं लिहून बोटं झिजवली, त्यांच्याच जातीच्या लोकांनी त्या भागाची जी सालटी काढली, ती आजतागायत काढताहेत. यात मला विसंगती दिसत नाही. ज्याने वाचवायला पत्र लिहिलं, त्यालाच रागवायचा हक्क आधी पोचतो.

रॉनल्ड मूरचं उदाहरण मी लेकीच्या मैत्रिणीलाही सांगितलं. हा लहानपणापासूनचा चाहता. 'स्टार ट्रेक: नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेचा सेट बघायला मिळाला तेव्हा स्वतः लिहिलेली पटकथा बरोबर घेऊन गेला आणि तिथल्या एका सहायकाच्या हातात दिली. १९८९ मध्ये ती 'द बाँडिंग' म्हणून दाखवली गेली आणि तो लेखकांच्या खोलीत कायमचा बसला. पुढे थोड्या काळासाठी 'व्हॉयेजर'वर गेला, जमलं नाही, बाहेर पडला. आणि मग जाहीरपणे म्हणाला तेच, जे टॉर्पेडो मोजणारे म्हणत होते: एवढ्या संकटातलं यान दर आठवड्याला नवं कसं दिसतं?

त्याने नुसती टीका केली नाही. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' केली. तिच्या पहिल्या भागाचं नावच '३३'. दर ३३ मिनिटांनी शत्रू हल्ला करतो, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, दाढ्या वाढलेल्या, डोळे लाल, आणि राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या यानात एक पांढरा फळा. त्यावर उरलेल्या माणसांचा आकडा. सगळी मानवजात त्या एका आकड्यात. भागाच्या शेवटी बातमी येते, की ताफ्यात एक मूल जन्मलं. रोझलिन उठते, ४७,९७२ मधला शेवटचा अंक पुसते आणि तिथे ३ लिहिते. चाहत्याची तक्रार किती दूर जाऊ शकते, हे मला त्या एका अंकात दिसतं.

हे सगळं मी सांगत होते खरं, पण त्या रात्री थांबवलेला भाग वेगळाच होता आणि तोच डोक्यातून जात नाही. 'ट्यूविक्स', मे १९९६. ट्रान्सपोर्टरमध्ये बिघाड होतो आणि दोन माणसं एकत्र येऊन एक होतात: ट्युवॉक हा शिस्तीचा, कोरडा, व्हल्कन या परग्रहवंशाचा सुरक्षा अधिकारी, आणि नीलिक्स हा बडबड्या आचारी. जो तयार होतो तो ट्यूविक्स. दोघांच्या आठवणी त्याच्यात आहेत, पण माणूस तिसराच आहे. स्वयंपाकघर उत्तम चालवतो, पुलावर, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षात, काम त्याहून उत्तम करतो. लोकांना आवडू लागतो. काही आठवडे जातात. मग डॉक्टरला दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते आणि ट्यूविक्स म्हणतो, मला मरायचं नाही.

जेनवे ठरवते, वेगळं करायचं. पुलावरचा तो प्रसंग मी पुन्हा पाहिला. ट्यूविक्स एकेकाकडे वळतो, मला वाचवा म्हणतो. काल त्याच्या हातचं जेवलेली माणसं नजर खाली घालतात. एकही माणूस जागचा हलत नाही. तो त्यांना माफ करतो आणि सुरक्षा रक्षकांबरोबर जातो. डॉक्टर ही माणूस नसलेली, प्रकाशाने घडवलेली आकृती आहे. तो सांगतो, रुग्णाच्या मर्जीविरुद्ध त्याचा जीव मी घेणार नाही. मग जेनवे स्वतः यंत्रापाशी जाते. ट्युवॉक आणि नीलिक्स परत येतात, ती त्यांचं स्वागत करते, बाहेर पडते. बोळातून चालत येते, चेहरा दगडासारखा. संपलं.

लेकीची मैत्रीण इथे गप्प झाली होती. आणि मग वाद सुरू झाला, तो मध्यरात्रीपर्यंत. तिचं म्हणणं, जेनवेने बरोबर केलं. दोन माणसांना जगायचा हक्क होता आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. लेकीचं म्हणणं, हा खून आहे. जगभरात हा वाद तीस वर्षं चालू आहे. २०२३ मध्ये 'लोअर डेक्स' या कार्टून मालिकेने त्यावर अख्खा भाग केला, इतका तो मिटलेला नाही. मी लेकीच्या बाजूची आहे. समोर उभा असलेला, बोलणारा, नको म्हणणारा माणूस त्याच्याआधीच्या दोघांसाठी मारता येत नाही. पण एवढं कठीण लिहिल्याबद्दल पटकथाकार केनेथ बिलरला मी मनापासून मानते. त्याने कुणालाही सुटायला वाट ठेवली नाही.

माझी तक्रार पुढची आहे. उरलेल्या पाच सीझनमध्ये त्या निर्णयाचा भार जेनवेच्या खांद्यावर कधी दिसत नाही. ट्युवॉक पुलावर उभा असतो, नीलिक्स भाज्या चिरत असतो, आणि आपल्या जगण्याची काय किंमत दिली गेली याचा ओरखडाही त्यांच्यावर नाही. टॉर्पेडो मोजणाऱ्यांना हसणाऱ्यांनी इथे बघावं. ज्या मालिकेने दारूगोळ्याची नोंद सोडून दिली, तिने एका माणसाचीही सोडली. सवय एकच.

आणि संधी तर पुढच्याच आठवड्यात होती. पुढचा भाग 'रेझोल्यूशन्स'. जेनवे आणि तिचा उपकप्तान चकोटे आजारामुळे एका ग्रहावर मागे राहतात आणि यान ट्युवॉकच्या हाती येतं. तो हुकमाप्रमाणे पुढे निघतो, कर्मचारी चिडतात, आणि त्यांचं मन त्याच्यापर्यंत पोचवायला जाते केस, नीलिक्सची प्रेयसी. आदल्याच आठवड्यात जेनवेपुढे रडून 'मला माझा नीलिक्स हवा' म्हणणारी तीच मुलगी. समोर बसलेला माणूस तिच्या त्या रडण्यामुळे जिवंत आहे. भावनांबद्दलच बोलायला ती आली आहे. याहून योग्य जागा कुठल्याही लेखकाला मिळाली नसती. तिने विचारायचं, 'तुला तो आठवतो का?' आणि ट्युवॉकने काहीही उत्तर द्यावं. पंधरा सेकंदांचं काम.

काय उत्तर दिलं असतं, यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे. मैत्रीण म्हणते, विषय बदलला असता. आणि हे तिने काल रात्री अकराला फोन करून सांगितलं, तो भाग स्वतःहून पाहून झाल्यावर. मी म्हटलं, नाही गं, सरळ 'हो' म्हणाला असता आणि कामाला लागला असता. व्हल्कन खोटं बोलत नाहीत, हे तर ही मालिका पहिल्यापासून सांगत आली आहे.